थेंबे थेंबे तेल गळे

आमचे आजोबा साखरेच्या कोठीवर बैलगाडी हाकीत असत. ऊसतोडणीच्या दिवसांत पहाटे बैल जुंपण्यापूर्वी ते गाडीखाली वाकून आस पाहत आणि मगच कासरा हातात घेत. "गाडी कुरकुरायला लागली तर बैलाला मारू नये, आसाला वंगण द्यावे," असे ते आम्हां मुलांना सांगत. आज आमच्या घरी बैल नाहीत आणि बैलगाडीही नाही. अंगणात एक जुनी पिकअप उभी असते. तिच्या चारही चाकांना जोर देता येतो. आजोबांचा तो उपदेश आम्ही बैलांबरोबरच विसरलो होतो. तो पुन्हा कसा आठवला, त्याची ही हकीकत.

आपल्या बेटावर आज अनेक शेतकऱ्यांच्या, भाजीवाल्यांच्या आणि ठेकेदारांच्या घरी अशा गाड्या आहेत. तेव्हा आमच्या चुकीतून चार घरांना उपयोग व्हावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी

हेन्रिएटाच्या वरच्या अंगाला आमचा लहानसा मळा आहे. काही वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मखरासाठी केळीचे खांब, पाने आणि दूर्वा आणायला मी आईला घेऊन तेथे गेलो होतो. वाक्वाच्या बाजूचा पाऊस वाचकांना ठाऊकच आहे. आकाश फाटल्यासारखा तो कोसळत नाही, पण दिवसभर झिमझिमत राहतो आणि लाल मातीचे लोणी करून टाकतो. खांब गाडीत भरून निघालो तर मागचे डावे चाक चिखलात रुतले आणि जागच्या जागी फिरू लागले. मी डिफ-लॉकचे बटण दाबले. गाडी गुरगुरली आणि बाहेर आली. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी मी बटण बंद केले, तसा समोरचा लहान दिवाही विझला. लॉक सुटला, असे मी समजलो.

उतारावरच्या पहिल्याच वळणाला मी स्टिअरिंग फिरवले, पण गाडी वळेना. मागून कोणी ढकलावे तशी ती ओल्या रस्त्यावरून सरळ पुढे जात राहिली. वेग फार नव्हता, हीच गणरायाची कृपा. पुढचे चाक नाल्याच्या काठावर येऊन थांबले. आईच्या मांडीवरची दूर्वांची जुडी खाली पडली. ती वाकून दूर्वा गोळा करू लागली आणि एवढेच म्हणाली, "गाडीला काय झालंय ते बघितल्याशिवाय पुढे नेऊ नकोस, बाळा."

मी मामांना बोलावले. मामांची चाळीस वर्षे गॅरेजात गेली आहेत. त्यांनी आल्या आल्या गाडी सरळ रेषेत हातभर मागे घ्यायला लावली. मागच्या आसातून 'टक्' असा आवाज आला. "आता सुटला बघ तुझा लॉक," मामा म्हणाले. "इतका वेळ तो अडकलेलाच होता."

"पण मामा, दिवा तर विझला होता!"

मामा काही बोलले नाहीत. पोते अंथरून ते गाडीखाली शिरले आणि बॅटरीच्या उजेडात त्यांनी मला एक जागा दाखवली. आसाच्या मधल्या गोळ्यावर अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला होता, त्याच्या वायरीभोवती काळसर तेल साचले होते आणि त्यावर कोणी तरी सिलिकॉनचा जाड लपका मारलेला होता. तेल सहा महिन्यांपासून गळत होते, हे मला माहीत होते. एका गॅरेजात दाखवलेही होते. तेथे वरून लपका मारून दिला आणि मी समाधानाने घरी आलो होतो. तेल एका ठिकाणचे आणि औषध दुसऱ्या ठिकाणी! "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," मामा म्हणाले. पुढचे सर्व ज्ञान मला त्या पोत्यावर पडूनच मिळाले.

लॉकचे काम आणि सेन्सरचे काम

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एकाला घसरावे लागेल. म्हणून दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच मध्ये बसवतात. त्याला डिफरेंशियल म्हणतात. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या गाडीसाठी अशा योजनेचे पेटंट घेतले होते. म्हणजे ही युक्ती मोटारीपेक्षाही जुनी आहे.

पण या सोयीत एक खोड आहे. एक चाक चिखलात गेले की ते मोकळे फिरते आणि कोरड्या जागेवरचे दुसरे चाक नुसते उभे राहते. अशा वेळी दोन्ही चाके एकमेकांना बांधावी लागतात. हे काम लॉकचे. बटण दाबले की एक लहान विजेची मोटर आतला काटा सरकवते, काटा दातेरी कडे ढकलतो, ते कडे डिफरेंशियलच्या घरात अडकते आणि दोन्ही चाके एकजुटीने फिरतात. काही गाड्यांत हेच काम दाबाची हवा करते. २००३ साली निघालेल्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना हवेवर चालणारे लॉक होते. पुढे २००७ च्या नमुन्यापासून ते विजेवर आले. आपल्या महाराष्ट्रात तयार होणाऱ्या महिंद्र थारच्या २०२० च्या नमुन्यात मात्र चाक घसरताच आपोआप अडकणारा यांत्रिक लॉक दिला होता. त्याला बटण नाही आणि दिवाही नाही.

जेथे बटण आहे तेथे काटा खरोखर सरकला की नाही, हे चालकाला कळले पाहिजे. त्यासाठी सेन्सर असतो. साध्या प्रकारात तो एक स्विचच असतो. त्याचे टोक आसाच्या आत, तेलात, काट्याजवळ असते. काटा सरकला की टोक दाबले जाते, आतला संपर्क जुळतो आणि समोरचा दिवा लागतो. लॉक मागितला आहे पण अजून बसलेला नाही, तोवर पुष्कळ गाड्यांत दिवा लुकलुकतो आणि बसला की स्थिर होतो.

बटण बंद केल्याबरोबर लॉक सुटतोच असेही नाही. दोन्ही चाकांत ताण राहिला असेल तर दाते एकमेकांना घट्ट धरून बसतात. गाडी थोडी पुढेमागे केली की ताण जातो आणि कडे सुटते. तोपर्यंत सावध करणे हे दिव्याचे काम आहे. आमच्या गाडीत तेल स्विचच्या पोटात शिरले होते. तेलातून वीज जात नाही. संपर्कावर तेलाचा आणि मळाचा थर बसल्यामुळे लॉक अडकलेला असूनही दिवा विझला. आम्ही दिव्यावर विश्वास ठेवला आणि दिवा खोटे बोलला.

अनेक नव्या गाड्यांत लॉक लागल्यावर एबीएस ब्रेकची व्यवस्था आपोआप बंद राहते. तेथे सेन्सरने चुकीची खबर दिली तर तिचा परिणाम थेट ब्रेकपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून या थेंबाला लहान समजू नये.

तेल येते कोठून?

तेल जेथे दिसते तेथूनच ते निघते, असे धरून चालू नये. धावत्या गाडीखालचा वारा आणि फिरता प्रॉपेलर शाफ्ट तेल चारी दिशांना उडवतात. मामांनी मला चार वाटा सांगितल्या.

पहिली वाट स्विचच्या आट्यांची. स्विच आणि आसाचे घर यांच्यामध्ये वॉशर किंवा ओ-रिंग असते. ती जुनी झाली, चपटली किंवा कडक झाली की तेल आट्यांवरून बाहेर येते. हे दुखणे सर्वांत स्वस्त.

दुसरी वाट स्विचच्या पोटातून. आतले सील झिजले की तेल थेट वायरीच्या कनेक्टरमध्ये येते. मग दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते तांब्याच्या तारांमधून पुढे सरकते. कनेक्टर काढल्यावर आत तेल दिसले तर दोष स्विचचाच आहे, असे समजावे.

तिसरी वाट लॉकच्या मोटरच्या बैठकीची. मोटर जेथे आसाला बोल्टांनी बसते तेथे ओ-रिंग किंवा सीलंटचा थर असतो. त्यातून झिरपलेले तेल ओघळून सेन्सरवर येते आणि निरपराध सेन्सरवर आळ येतो. प्रॉपेलर शाफ्ट जेथे आसात शिरतो तेथल्या सीलचेही असेच.

चौथी वाट सर्वांत फसवी. आसावर एक लहान टोपी किंवा नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आसाचा श्वास तिच्यातून चालतो. गाडी धावली की आतले तेल आणि हवा तापते, हवा फुगते आणि या वाटेने बाहेर पडते. आपल्या उसाच्या वाटांवर लाल माती आणि पाचट यांनी ही टोपी सहज बुजते. मग कोंडलेली हवा तेलाला ढकलत राहते आणि जे सील सर्वांत अशक्त असेल तेथून तेल बाहेर काढते. अशा वेळी आपण नवा सेन्सर बसवला तरी काही आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी थेंब दिसतो. तापलेली गाडी थंड ओढ्यात घातली की उलट घडते. आतली हवा आक्रसते आणि तेलाच्या वाटेने पाणी आत ओढले जाते. पाणी शिरलेले तेल दुधाळ होते.

आमच्या गाडीत दोन दुखणी एकदम होती. ब्रीदरची टोपी मातीने बंद झाली होती आणि त्या दाबाखाली स्विचचे सील गेले होते. बाहेरचा लपका बिचारा काय करणार?

आधी तपास, मग दुरुस्ती

मामांनी त्या दिवशी गाडी हळूहळू घरी नेली, पण काम लगेच केले नाही. चतुर्थी झाल्यावर त्यांनी आसाचा मधला भाग मातीचा कण राहू न देता धुतला, पुसला, कोरडा केला आणि त्यावर अंगाला लावायची साधी पावडर उडवली. मग मी गाडी दहाबारा किलोमीटर फिरवून आणली. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ कोठून सुरू होते, ते स्पष्ट दिसले. या उपायाला कोणतेही यंत्र लागत नाही.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावल्यावरच शिरावे.

पहिल्याने ब्रीदर काढून साफ करावा. टोपी अडकली असेल तर नवी बसवावी. ओढे ओलांडणाऱ्या गाडीला ब्रीदरची नळी लांब करून चॅसीच्या वर नेऊन बांधणे चांगले.

तेल काढायचे असल्यास आधी भरण्याचा बोल्ट सैल करून पाहावा, मग खालचा काढावा. खालून तेल काढून टाकले आणि वरचा बोल्ट गंजून निघालाच नाही, तर गाडी जागेवरच राहते. हे मामांनी मला तीनदा बजावले.

कनेक्टर काढताना त्याची कळ दाबून प्लास्टिक धरून ओढावे, वायर ओढू नये. आत तेल असेल तर स्विच बदलावा. स्विचच्या पोटातून येणारे तेल वरून एपॉक्सी किंवा सिलिकॉन लावून थांबवणे म्हणजे गळक्या घागरीला बाहेरून चिखल लावणे होय. ज्या जागेवर तेलाचा ओशटपणा आहे तेथे कोणताही सीलंट धरत नाही. वाटेत अडकलो तर घरी पोहोचण्यापुरता तो उपाय ठीक, त्यापुढे नाही.

आत तेल नसेल आणि फक्त आट्यांवर ओल असेल तर स्विच योग्य मापाच्या पान्याने काढावा. नवा वॉशर किंवा नवी ओ-रिंग घालावी. ओ-रिंग तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची असावी. एका ओळखीच्या गृहस्थाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वॉशर केला होता. ते रबर तेलात फुगते आणि लिबलिबीत होते. पंधरा दिवसांत पुन्हा गळती सुरू झाली.

दोन्हीकडचे आटे ब्रेक-क्लीनरने धुऊन कोरडे करावेत. पुस्तकात सीलंट सांगितला असेल तर तो पातळ लावावा आणि टोकाकडचे पहिले दोन आटे कोरडे सोडावेत, म्हणजे सीलंट आत जाऊन स्विचचे टोक चिकटणार नाही. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप येथे वापरू नये. तिचे धागे सुटून तेलात जातात, आणि ज्या स्विचला एकच वायर असते त्याचा विजेचा परतीचा मार्ग स्विचच्या अंगातूनच असतो, तोही टेपमुळे कधी अडतो.

स्विच आधी हाताने बसवावा, मग पान्याने गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तितकाच आवळावा. "गळतंय म्हणून जोर लावायचा नाही," मामा म्हणाले. "सील तेल अडवतं, ताकद नाही." जास्त जोराने आटे उतरले तर चार पैशांचे काम चारशेचे होते.

मोटरच्या बैठकीतून गळत असेल तर मोटर काढून दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावेत आणि नवी ओ-रिंग किंवा तेल सोसणारा सिलिकॉन वापरावा. मोटर काढण्यापूर्वी काटा कोणत्या स्थितीत आहे ते टिपून ठेवावे, नाही तर बसवताना मेळ चुकतो. सिलिकॉन लावल्यावर ट्यूबवर लिहिला असेल तितका वेळ, सामान्यतः एक रात्र, थांबल्याशिवाय तेल भरू नये.

कनेक्टर विजेच्या भागांसाठी मिळणाऱ्या क्लीनरने धुवावा, वाळू द्यावा आणि त्याचे लहान रबरी सील तपासावे. तेल तारांमधून दूरवर गेले असेल तर तेवढी वायर बदलणेच चांगले.

शेवटी गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच गिअर ऑइल भरावे. अशा आसांना सहसा जीएल-५ प्रतीचे तेल लागते. सपाट जागेवर तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आले की पुरे. जास्त भरलेले तेलही बाहेरची वाट शोधते. जुने तेल दुधाळ असेल तर ते सगळे बदलावे, नुसती भर घालू नये.

काढलेले तेल डब्यात भरून तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. ते नाल्यात ओतू नये. आमच्या बाजूला मार ओ वाक्वा हा बेटावरचा सर्वांत मोठा जलाशय आहे आणि त्याचे पाणी आपण पितो.

परीक्षा मातीवर घ्यावी

काम झाल्यावर लॉकची परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नये. शेतातल्या मऊ मातीवर गाडी अगदी हळू चालवत बटण दाबावे. दिवा लुकलुकून स्थिर झाला पाहिजे. बटण बंद केल्यावर गाडी थोडी पुढेमागे करून दिवा विझतो का ते पाहावे आणि मग हलकेच वळवून पाहावी. गाडी सहज वळली म्हणजे लॉक खरोखर सुटला. दिवा आणि स्टिअरिंग या दोघांची साक्ष जुळली पाहिजे. जुळली नाही तर स्टिअरिंगवर विश्वास ठेवावा आणि रस्त्यावर जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून पाहावे. आठवड्याने पुन्हा पाहावे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूलाही ओल आहे का ते बघावे. तेथले सील गेले तर तेल ब्रेकच्या लायनिंगवर जाते आणि ते दुखणे सेन्सरच्या गळतीपेक्षाही धोक्याचे आहे.

वर सांगितलेले सगळे काम प्रत्येकाने स्वतः करावे, असा माझा आग्रह नाही. ज्याच्याजवळ जागा, हत्यारे आणि सवय नाही त्याने ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पण गाडी परत घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तेल नेमके कोठून येत होते? ब्रीदर पाहिला का? सील बदलले की वरून लपका मारला? हे तीन प्रश्न मी पहिल्या खेपेला विचारले असते, तर आईला नाल्याच्या काठावर दूर्वा वेचाव्या लागल्या नसत्या.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपले वाडवडील सांगत आले. ते साठवणाऱ्यासाठी. गळणाऱ्यासाठी हिशेब उलटा असतो, थेंबाथेंबाने आस कोरडा पडतो. आमच्या गाडीच्या दुरुस्तीला एक नवा स्विच, एक वॉशर, ब्रीदरची एक टोपी आणि थोडे तेल एवढेच लागले. मामांनी मजुरी घेतली नाही. चतुर्थीचे मोदक आधीच पोचले आहेत, असे म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी पोते अंथरून गाडीखाली वाकतो आणि आस पाहतो. धाकटा मुलगाही शेजारी येऊन वाकतो आणि विचारतो, "बाबा, काय बघता?" मी त्याला त्याच्या पणजोबांच्या बैलगाडीची गोष्ट सांगतो. मग तो बॅटरी माझ्या हातातून घेतो आणि स्वतः पाहू लागतो.